एका आवाजाच्या दोन वाटा

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एक लहानसा प्रसंग घडला. आमची शाळा सीमाभागातील. पटसंख्या बेताची आणि तिजोरी त्याहूनही बेताची. दरवर्षी मांडववाला आपले कर्णे आणि एक जुनाट अ‍ॅम्प्लिफायर घेऊन येई व ठरलेले भाडे घेऊन जाई. त्या वर्षी निदान हे भाडे तरी वाचवावे, असे आम्हा शिक्षकांच्या मनात आले. आमचाच एक माजी विद्यार्थी मोटारदुरुस्तीचा व्यवसाय करतो. तो म्हणाला, "सर, भाड्याने कशाला आणता? माझ्या गाडीतला अ‍ॅम्प्लिफायर हजार वॅटचा आहे. पेटीवर छापलेच आहे तसे. मांडववाल्याचा तो डबा शंभर-सव्वाशे वॅटचा असेल फार तर." मी गणित आणि विज्ञान शिकवितो. हजार ही संख्या शंभराच्या दहापट आहे, एवढे गणित मला येत होते. मी होकार दिला.

संमेलनाच्या दिवशी गाडीतला अ‍ॅम्प्लिफायर, गाडीतलेच स्पीकर आणि दोन बॅटऱ्या अशी सामग्री मंचाशेजारी मांडली गेली. पहिल्या रांगेतील पाहुण्यांच्या छातीत ढोलाचा दणका बसत होता; मागच्या रांगांतून मात्र "आवाज वाढवा" अशी हाकाटी सुरू झाली. आवाज वाढविला. मग सातवीतील एक मुलगी सावित्रीबाई फुले यांच्यावर भाषण करण्यास उभी राहिली. तिची आजी शेजारच्या गावाहून मुद्दाम आली होती आणि बायकांच्या घोळक्यात अगदी मागे बसली होती. मुलीचे चौथे-पाचवे वाक्य चालू असताना अ‍ॅम्प्लिफायरवरचा तांबडा दिवा लागला आणि सारे शांत झाले. मुलगी धीराची, तिने तशाच उघड्या आवाजात भाषण पूर्ण केले. पण संमेलन संपल्यावर आजी मला म्हणाली, "गुरुजी, पोर काय बोलली ते मला काय बी ऐकू आलं नाही बघा."

सामान आवरताना तो माजी विद्यार्थी खाली मान घालून विचारीत होता, "सर, मग ते हजार वॅट खोटे होते काय?" त्या रात्री मला उत्तर देता आले नाही. पुढे मी या विषयाचा थोडा मागोवा घेतला, तेव्हा ध्यानात आले की, या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या पेटीवर नाही, यंत्राच्या इतिहासात आहे. मोटारीतला अ‍ॅम्प्लिफायर आणि सभामंडपातला अ‍ॅम्प्लिफायर ही एकाच घराण्यातील दोन भावंडे आहेत. पण त्यांची वाढ दोन निराळ्या घरांत झाली. ती कशी झाली, हे आज आपणास सांगावयाचे आहे.

प्रथम अ‍ॅम्प्लिफायर करतो काय, ते पाहू. अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे वर्धक, आवाज मोठा करतो असे आपण म्हणतो, आणि त्यामुळे शक्ती त्याच्या पोटात जन्म घेते अशी आपली समजूत होते. वस्तुतः तसे नाही. धरणाच्या पाटावर पाटकरी असतो. तो दाराचे चाक थोडेसे फिरवितो आणि त्या हालचालीबरोबर पाण्याचा लोंढा कमीजास्त होतो. लोंढ्याचे बळ पाटकऱ्याच्या मनगटात नसते, ते धरणात असते. मायक्रोफोनमधून येणारा दुबळा विद्युत्संदेश हा तो चाक फिरविणारा हात होय. अ‍ॅम्प्लिफायर हे दार होय. आणि धरण म्हणजे ज्या ठिकाणाहून त्याला वीज मिळते ते ठिकाण. दार कितीही रुंद केले, तरी धरणात पाणी नसेल तर शेत भिजत नाही. दोन भावंडांच्या कथेतील सारा फरक या धरणाचा आहे.

या घराण्याचा मूळ पुरुष एकच. अमेरिकेतील ली डी फॉरेस्ट याने १९०६ साली तीन विद्युत्-अग्रांचा व्हॉल्व्ह तयार केला. आपल्या हाती काय लागले आहे याची पुरती कल्पना त्याला स्वतःलाही नव्हती. १९१२ नंतर टेलिफोन कंपनीतील हॅरॉल्ड आर्नोल्ड या शास्त्रज्ञाने त्या व्हॉल्व्हमधील हवा अधिक काटेकोरपणे काढून टाकली आणि त्याला भरवशाचे रूप दिले. टेलिफोनच्या लांबलचक तारांवर क्षीण होत जाणारा आवाज वाटेत पुन्हा सशक्त करावा, एवढीच त्या वेळची गरज होती. त्याच सुमारास पीटर जेन्सन व एडविन प्रिडम हे दोघे कॅलिफोर्नियात मोठ्या आवाजाचा कर्णा तयार करण्याच्या खटपटीत होते. १९१५ साली नाताळच्या आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्को शहराच्या नगरभवनासमोर जमलेल्या प्रचंड समुदायाने त्यांच्या कर्ण्यातून संगीत व भाषण ऐकले. १९१९ च्या सप्टेंबरात अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सॅन डिएगो येथील क्रीडांगणात हजारो लोकांपुढे ध्वनिवर्धकाच्या साहाय्याने भाषण केले. आणि ११ नोव्हेंबर १९२१ रोजी अनाम सैनिकाच्या दफनविधीच्या प्रसंगी अध्यक्ष हार्डिंग आर्लिंग्टन येथे जे बोलले, ते टेलिफोनच्या तारांवरून न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को येथे जमलेल्या जनसमुदायांनीही कर्ण्यांतून ऐकले. मनुष्याच्या कंठाची मर्यादा त्या दिवशी ओलांडली गेली, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्यानंतर आला बोलपट. १९२६ व १९२७ साली अमेरिकेतील चित्रगृहांत पडद्याला वाचा फुटली. आपल्याकडे १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात 'आलम आरा' झळकला आणि १९३२ साली प्रभातने 'अयोध्येचा राजा' मराठीतून बोलता केला. शेकडो प्रेक्षकांना एकाच वेळी, रोज, तासन्‌तास, न थकता ऐकवील असा अ‍ॅम्प्लिफायर चित्रगृहांना हवा होता. व्यावसायिक अ‍ॅम्प्लिफायरची जात येथे पक्की झाली. तिचे धरण म्हणजे भिंतीतील विजेचा प्रवाह. तो प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा बदलत राहणारा. म्हणून ट्रान्सफॉर्मर घालून त्याचा दाब हवा तितका चढविता येतो. त्या काळच्या व्हॉल्व्हना तीनशे-चारशे व्होल्ट लागत; तेवढे त्यातून सहज मिळत. आपल्या देशात स्वातंत्र्याच्या चळवळीतील सभांना हेच यंत्र उपयोगी पडले. गांधीजी आणि पंडित नेहरू यांच्या जुन्या छायाचित्रांत त्यांच्यापुढील मायक्रोफोनवर 'शिकागो रेडिओ' ही अक्षरे पुष्कळांनी पाहिली असतील. नाव शिकागोचे असले, तरी ती मोटवाने कुटुंबाची, याच देशातील पेढी होती.

आता दुसऱ्या भावंडाकडे वळू. पॉल गॅल्व्हिन व त्याचा भाऊ जोसेफ यांनी १९२८ साली शिकागो येथे एक लहान कारखाना काढला. त्यांचा पहिला माल कोणता होता, हे ऐकून आपणास गंमत वाटेल. त्या वेळचे घरगुती रेडिओ बॅटरीवर चालत. ते भिंतीतील विजेवर चालावेत म्हणून बॅटरीची गरज नाहीशी करणारे एक उपकरण हे बंधू विकीत असत. परंतु लवकरच रेडिओच थेट विजेवर चालू लागले आणि त्या उपकरणाला कोणी विचारीना. तेव्हा गॅल्व्हिनने उलट दिशा धरली. १९३० साली त्याने एक रेडिओ मोटारीत बसविला आणि ती गाडी घेऊन तो शिकागोहून थेट अटलांटिक सिटी येथे भरलेल्या रेडिओ-उत्पादकांच्या संमेलनास गेला. मोटार आणि त्या काळी लोकप्रिय असलेला 'ओला' हा प्रत्यय यांच्या मीलनातून त्याने आपल्या रेडिओस 'मोटोरोला' हे नाव दिले. बॅटरी हद्दपार करण्याच्या धंद्यात उभा राहिलेला मनुष्य अखेर बॅटरीच्याच आश्रयाने नावारूपास आला.

पण बॅटरीचा आश्रय म्हणजे तोकड्या पांघरुणाचा आश्रय. त्या काळी अमेरिकेतील बहुतेक मोटारींची बॅटरी अवघ्या सहा व्होल्टांची असे आणि व्हॉल्व्हना तर दोनशे व्होल्टांच्या आसपास दाब हवा. बॅटरीचा प्रवाह दिष्ट, एकाच दिशेने वाहणारा. तो ट्रान्सफॉर्मरमधून चढत नाही. आरंभी लोक वेगळ्या बॅटऱ्यांचा संच गाडीच्या तळाशी ठेवीत. पुढे 'व्हायब्रेटर' नावाची युक्ती निघाली. एक पोलादी पाते सेकंदाला शंभराहून अधिक वेळा थरथरून प्रवाह तोडी आणि जोडी. अशा तुटक प्रवाहाला ट्रान्सफॉर्मर फसे आणि दाब चढवून देई. जुन्या मोटारीत रेडिओ लावला की भुंग्यासारखी गुणगुण ऐकू येई, ती या पात्याची. एवढे सव्यापसव्य करून हाती लागत ते काही वॅटच. तरीही ते पुरत. का पुरत, ते पुढे सांगतो.

डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा जन्म झाला. ट्रान्झिस्टरला थोड्या व्होल्टांवर काम करता येते. मोटारीला जणू तो देवाघरून आल्यासारखाच होता. १९५५ साली फिल्को या कंपनीने क्राइस्लरच्या मोटारींसाठी संपूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ बनविला. त्याच सुमारास अमेरिकेतील मोटारी सहा व्होल्ट सोडून बारा व्होल्टांवर आल्या. थरथरणारे पाते इतिहासजमा झाले. पण ज्या बारा व्होल्टांनी सोय केली, त्याच बारा व्होल्टांनी सीमाही आखून दिली.

येथे थोडे गणित करणे भाग आहे. श्रोत्यांनी कंटाळू नये. शक्ती म्हणजे दाबाचा वर्ग भागिले रोध, हा नियम शाळेत आपण सर्वांनी शिकला आहे. इंजिन चालू असताना मोटारीत साधारण १४.४ व्होल्ट दाब मिळतो. साध्या रचनेत त्याचा निम्मा, म्हणजे ७.२ व्होल्ट, एका बाजूस व निम्मा दुसऱ्या बाजूस असा झोका घेता येतो. चार ओहमच्या स्पीकरवर यातून निघते सुमारे साडेसहा वॅट शक्ती. दोन वर्धक पाठीला पाठ लावून स्पीकरच्या दोन टोकांना जोडले, तर झोका दुप्पट होतो व शक्ती चौपट, म्हणजे सुमारे २६ वॅट. मधले नुकसान शून्य धरले, तरी याहून पुढे जाता येत नाही. मग मोटारीतल्या रेडिओवर "५० वॅट" कसे छापलेले असतात? १४.४ चा वर्ग करा, चारने भागा, उत्तर ५१.८. म्हणजे स्वराची गोल लाट सोडून, वरची व खालची टोके छाटलेली चौकोनी लाट स्पीकरवर आदळली, तर हा आकडा येतो. आकडा गणिताने बरोबर आहे. मात्र तो संगीताचा नव्हे, विपर्यस्त आवाजाचा आहे.

ज्यांना याहून अधिक हवे होते, त्यांच्यापुढे दोन मार्ग उरले. पहिला, स्पीकरचा रोध चारवरून दोनवर, दोनवरून एकावर आणणे. मग प्रवाह वाढतो आणि तारा बोटासारख्या जाड कराव्या लागतात. दुसरा मार्ग, बॅटरीचा दाब पुन्हा चढविणे. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात जिम फॉसगेट व इतरत्र आणखी काही जणांनी स्वतंत्र मोटार-अ‍ॅम्प्लिफायर बनविले. त्या जातीच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात ट्रान्झिस्टर बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतात व जोडतात आणि लहानसा ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब चढवितो. नीट पाहिले तर ते जुने थरथरणारे पातेच नव्या वेषात परत आले आहे. पण दार रुंद झाले म्हणून धरण मोठे होत नाही. हजार वॅट खरोखर बाहेर यावयाचे, तर जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्प्लिफायरला सुमारे दोन हजार वॅट आत घ्यावे लागतात. ते १४ व्होल्टांवर भागले की येतो १४० अँपिअरहून अधिक प्रवाह. आज चालू-बंद तत्त्वावर काम करणारे अ‍ॅम्प्लिफायर अधिक काटकसरी आहेत, तरी त्यांनाही नव्वदेक अँपिअर हवेतच. लहान मोटारीची बॅटरी असते पस्तीस-चाळीस अँपिअर-तासांची. गाडी धावत असताना इंजिनावर फिरणारा अल्टरनेटर तिला भरीत राहतो. आमच्या मैदानात अल्टरनेटर नव्हता, इंजिन नव्हते. होत्या दोन बॅटऱ्या. त्यांचा दाब उतरत गेला, ठरावीक पातळीखाली आला, आणि स्वतःचे रक्षण करण्यासाठी यंत्राने तांबडा दिवा लावून तोंड मिटले. यंत्राचे काहीच चुकले नव्हते.

आता मोटारीला थोडे वॅट का पुरतात, आणि मैदानाला पुष्कळ का पुरत नाहीत, ते पाहू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. गाडीत ऐकणाऱ्याचा कान स्पीकरपासून एखाद्या मीटरवर असतो. आमची आजी बसली होती सुमारे ३० मीटरवर. तीसचा वर्ग नऊशे. तिच्या कानाशी येणारी तीव्रता गाडीतल्यापेक्षा नऊशे पटींनी कमी! शिवाय बंद मोटार ही एक लहानशी पेटीच होय. ज्या मंद्र स्वरांच्या लाटा गाडीच्या लांबीहून मोठ्या, त्यांना ही पेटी आपोआप उठाव देते. मैदान तसे काही करीत नाही. म्हणून गाडीतला दणका गाडीबाहेर विरून जातो. उलट, मांडववाल्याचा कर्णा दिसावयास ओबडधोबड. पण त्याच एका वॅटमधून तो बोलण्याच्या पट्टीतला आवाज साध्या स्पीकरच्या वीसपट, कधी त्याहूनही अधिक तीव्रतेने पुढे फेकतो. त्याचे शंभर वॅट आमच्या हजारांना का भारी पडत होते, हे आता वेगळे सांगावयास नको.

मोठ्या मैदानाचा हा धडा जगानेही ठेच लागूनच शिकला आहे. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्स या इंग्लिश गायकचमूचा कार्यक्रम झाला. पंचावन्न हजारांवर श्रोते आले होते. वाद्यांसाठी मुद्दाम शंभर वॅटचे अ‍ॅम्प्लिफायर तयार करून घेतले होते आणि गाणे क्रीडांगणाच्या नेहमीच्या कर्ण्यांतून जात होते. समुदायाच्या किंकाळ्यांपुढे ते सारे बुडून गेले. पुढे दोनच वर्षांनी, १९६७ साली, अमेरिकेतील एल्कहार्ट गावच्या क्राउन कंपनीने ट्रान्झिस्टरचा 'डीसी ३००' हा अ‍ॅम्प्लिफायर काढला. आठ ओहमच्या स्पीकरवर दर वाहिनीला दीडशे वॅट तो अखंड देऊ शके. या कंपनीचा संस्थापक क्लॅरेन्स मूर हा धर्मोपदेशक होता. दक्षिण अमेरिकेतील कीटो या उंच शहरी एका मिशनरी रेडिओकेंद्रावर त्याने अभियंता म्हणून काम केले होते. मायदेशी परतल्यावर त्याने कोंबड्यांच्या एका खुराड्याची डागडुजी करून तेथे आपला कारखाना थाटला आणि दूरदेशीच्या धर्मोपदेशकांना उपयोगी पडतील असे मजबूत ध्वनिमुद्रक बनविण्यास आरंभ केला. जेथे दुरुस्तीला कोणी मिळणार नाही तेथे यंत्राने दगा देता कामा नये, ही त्या खुराड्यातली शिस्त पुढे मोठ्या मैदानांच्याही कामास आली.

व्यावसायिक अ‍ॅम्प्लिफायरचा खरा विशेष या शिस्तीत आहे. भिंतीतल्या विजेवर तो आतल्या आत अधिक ऐंशी व उणे ऐंशी व्होल्ट असा दाब उभारतो, आणि आठ ओहमच्या साध्या स्पीकरवर चारशे वॅट देऊ शकतो. त्यासाठी रोध एका ओहमवर ओढण्याचा आटापिटा त्याला करावा लागत नाही. त्याच्या पाठीशी पंखा असतो, कारण त्याला चार-चार तास उभे राहावयाचे असते. मायक्रोफोनचा संदेश त्याच्याकडे दोन तारांवरून परस्परविरुद्ध रूपात येतो. वाटेत दोन्ही तारांवर सारखीच घुसलेली घरघर वजाबाकीत नाहीशी होते. म्हणून पन्नास मीटर तार ओढली तरी आवाज स्वच्छ राहतो. शाळा, रेल्वेस्थानके, प्रार्थनास्थळे यांसाठी तर १०० व्होल्टांची निराळी पद्धत आहे. विजेच्या मोठ्या वाहिन्यांप्रमाणे दाब चढवून आवाज लांब न्यावयाचा आणि प्रत्येक कर्ण्यापाशी लहान ट्रान्सफॉर्मरने तो उतरवावयाचा, अशी ती रीत होय.

याचा अर्थ मोटारीतला अ‍ॅम्प्लिफायर हलक्या कुळीचा, असा मात्र कोणी करू नये. उन्हात उभ्या गाडीची भट्टी, रस्त्याचे हिसके, धूळ, इंजिनाची विद्युत्-खरखर, आणि क्षणोक्षणी चढउतार करणारा दाब हे सारे सोसून तो आसनाखालच्या वीतभर जागेत, बहुधा पंख्यावाचून काम करतो. व्यावसायिक अ‍ॅम्प्लिफायरला हे जमणार नाही. अलीकडे तर दोन्ही भावंडे पुन्हा जवळ आली आहेत. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून व्यावसायिक अ‍ॅम्प्लिफायरांनीही अवजड ट्रान्सफॉर्मर टाकून प्रवाह वेगाने तोडण्या-जोडण्याची रीत उचलली, आणि मजुराला न उचलणारी पेटी एका हाताने नेता येऊ लागली. मोटारवाल्या भावाकडून घेतलेलीच ही विद्या म्हणावयाची. आतली यंत्रणा सारखी होत चालली. धरणे मात्र दोन ती दोनच राहिली.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. ते हजार वॅट खोटे होते काय? १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील घरगुती ध्वनियंत्रांच्या जाहिरातींत वॅटांची अशी काही लयलूट सुरू झाली की, ग्राहकाला काही उमजेनासे झाले. कोणी क्षणभराची शक्ती सांगे, कोणी दोन्ही वाहिन्यांची बेरीज सांगे, कोणी दोन्हींच्या बेरजेची दुप्पट. अखेर १९७४ साली तेथील संघीय व्यापार आयोगाने नियम केला. शक्ती अखंड किती, किती ओहमवर, कोणत्या स्वरपट्ट्यात आणि किती विकृतीसह, हे सांगितल्यावाचून वॅटांचा आकडा मिरवावयाचा नाही. मूळ नियमात तर मोजणीपूर्वी यंत्र तासभर एकतृतीयांश शक्तीवर तापविण्याचीही अट होती. परंतु हा नियम घरातील यंत्रांसाठी होता. मोटार त्याच्या बाहेर राहिली. मोटारींच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी तेथील उत्पादकांच्या संघटनेने स्वतःहून प्रमाण ठरविले ते २००३ साली: दाब १४.४ व्होल्ट, रोध चार ओहम, विकृती शेकडा एकाच्या आत. तेही ऐच्छिक. घर आणि मोटार यांच्यामधली ही जी एकोणतीस वर्षांची फट पडली, तिच्यातून हजाराचे आकडे पेटीवर आले आणि अजूनही येतात.

यावरून मला हॅरॉल्ड ब्लॅक या अभियंत्याची आठवण होते. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी कामावर जाताना नावेत बसल्या बसल्या त्याला एक कल्पना सुचली आणि ती त्याने हातातल्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या जागेत टिपून ठेवली. अ‍ॅम्प्लिफायरच्या बाहेर पडलेल्या आवाजाचा काही अंश उलटा करून आत परत पाठवावयाचा आणि मूळ आवाजाशी ताडून पाहावयाचा. असे केल्याने वाढीचा मोठा हिस्सा गमवावा लागतो. पण जे उरते ते मुळाशी इमान राखते. मोटारीतला असो की मंडपातला, आज जवळजवळ प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर याच तत्त्वावर चालतो. थोडे बळ सोडावे आणि खरेपणा घ्यावा, हे यंत्राला कळले. यंत्राच्या पेटीवर आकडे छापणाऱ्यांना ते कळावयाचे आहे.

आपल्या देशाने या दोन वाटांच्या मधून एक तिसरी वाटही काढली आहे. ज्या गावात वीज जाते-येते, तेथे सभा कशी घ्यावी? म्हणून आपल्याकडे बनणारे सभेचे पुष्कळ अ‍ॅम्प्लिफायर भिंतीतल्या विजेवरही चालतात आणि मोटारीच्या बारा व्होल्ट बॅटरीवरही. निवडणुकीतील जीप, गणपतीची मिरवणूक, आमच्या वाड्यातील फेस्ताची प्रार्थनायात्रा या सर्वांचा आवाज त्यातून गेलेला आहे. अशा यंत्रावरचा वॅटांचा आकडा लहान असतो. पण त्याच्याबरोबर कर्णा असतो, आणि कर्णा थोड्यात पुष्कळ करतो. मांडववाल्याचा तो जुनाट डबा याच जातीचा होता.

त्या मुलाला मी पुढे एवढेच सांगितले: "अरे, तुझे वॅट सर्वस्वी खोटे नव्हते आणि खरेही नव्हते. ते तुझ्या गाडीतले होते. आपण त्यांना घराबाहेर नेले, चूक माझी." यापुढे अ‍ॅम्प्लिफायर घेताना तीन प्रश्न विचारावयाचे, असे आम्ही दोघांनी ठरविले. शक्ती कोठून येणार? किती ओहमवर मोजली? आणि किती वेळ टिकणार? उत्तर न देणाऱ्या पेटीवर हजार लिहिले असो की दहा हजार, ती गाडीतच शोभते.

पुढल्या वर्षी मांडववाला पुन्हा आला. भाड्यात त्याने काही सूट दिली नाही. त्याने दोन कर्णे झाडाला बांधले. ती मुलगी आता आठवीत होती. या खेपेस मी तिच्या आजीला पुढे येऊन बसण्याचा आग्रह केला. आजी म्हणाली, "नको गुरुजी, मी हितंच बसते." आणि ती मागे, आपल्या नेहमीच्या जागीच बसली. भाषण चालू असताना मी तिच्याकडे पाहत होतो. नातीच्या प्रत्येक वाक्यागणिक ती मान डोलवीत होती.